कॅश बंद ठेवणे

पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपवाल्यांचा रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी, मेन स्विच खाली, शेडला कुलूप. बाकी सहा दिवस आमचं वायरकट मशीन रात्रंदिवस चालतं, म्हणून त्याला जोडलेला संगणकही आठवड्यातून एकदाच झोपायचा. ७ ऑगस्ट २०२५ च्या गुरुवारी तो असाच झोपला आणि शुक्रवारी सकाळी उठलाच नाही.

अगदी उठला नाही असंही नाही. डोळे उघडले, पण माणूस ओळखेना. पडद्यावर अक्षरं आली: सेटिंग हरवलंय, हार्ड डिस्क सापडत नाही, तारीख १ जानेवारी १९८०, पुढे जायचं तर एफ-१ दाबा. ऑपरेटरने दाबलं. मी दाबलं. मग दोघांनी आळीपाळीने कीबोर्डवरचं एकेक बटण दाबून पाहिलं. कीबोर्डचा दिवासुद्धा लागला नाही.

"काका, गेला वाटतं," ऑपरेटर म्हणाला.

मी त्याला गप्प बसवलं. दवाखान्याच्या दारात असं बोलत नाहीत.

हा संगणक म्हणजे ४८६, ६६ मेगाहर्ट्झचा. रॅम ८ एमबी, हार्ड डिस्क ५४० एमबी. लग्नातला एखादा व्हिडिओसुद्धा तिच्यावर मावणार नाही. कॅबिनेट घेतलं तेव्हा दुधाळ होतं, आता चहाच्या रंगाचं झालं होतं. समोर 'टर्बो' लिहिलेलं बटण. दर खंडेनवमीला मशीनबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल, त्यामुळे फ्लॉपीच्या फटीत सत्तावीस वर्षांचं कुंकू साठलेलं. आता फ्लॉपी घालायचा प्रसंग येत नव्हता म्हणून बरं.

मी शेड घातली १९९८ मध्ये. रावेत आदल्याच वर्षी महापालिकेत आलं होतं, पण गाव गावासारखंच होतं. पवनेच्या अंगाला ऊस, गावठाणातली घरं, आणि आकुर्डी स्टेशनकडे जाणारा एक रस्ता. औंध आयटीआयमधून टर्नर होऊन मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये बारा वर्षं काढली होती. भोसरीत गाळा परवडेना, इथे भावकीची जागा होती. आज शेडच्या तीन बाजूंना इमारती आहेत. वरच्या मजल्यांवरचे लोक सकाळी नदी ओलांडून हिंजवडीला संगणकावर काम करायला जातात. त्यांच्या खिडक्यांखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांच्यातल्या काहींपेक्षा वयाने मोठा संगणक रात्रपाळी करत होता. हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि सांगण्यासारखंही नव्हतं.

वायरकट म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगावं लागतं. ०.१८ मिलिमीटर जाडीची, मॉलिब्डेनमची, आमच्या भाषेत 'मॉली'ची तार एका ड्रमवरून सुटते, जॉबमधून जाते आणि परत ड्रमवर येते, अशी सारखी ये-जा करते. तार आणि लोखंड यांच्या मध्ये वीज ठिणगी पाडते आणि प्रत्येक ठिणगी लोखंडाचा एक कण उडवते. तारेने लोखंडाला शिवायचं मात्र नाही. मधे साधारण एक शतांश मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. शिवली की शॉर्ट, शॉर्ट झालं की तार तुटते.

या विद्येचा उगमही एका बिघाडातच आहे. सोव्हिएत रशियातले बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे शास्त्रज्ञ जोडपं इंजिनांच्या इग्निशनमधले पॉइंट ठिणगीने का झिजतात, ते कसं थांबवावं, याचा शोध घेत होतं. झीज थांबेना. मग १९४३ च्या सुमारास त्यांनी तीच झीज कामाला लावली. जगभरच्या टूलरूम आज ज्यावर चालतात, ती गोष्ट मुळात न जमलेली दुरुस्ती आहे. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला हे ऐकून धीर येतो.

आमचं मशीन मी सेकंडहँड घेतलं तेव्हा त्याचा कंट्रोलर मेलेला होता. बिडाचं अंग ठणठणीत, डोकं नाही. चिंचवडला एक सर होते, इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि संध्याकाळी अशी कामं करायचे. त्यांनी एक जुना ४८६ आणला, त्यात घालायला ८२५५ चिपचं कार्ड स्वतः बनवलं आणि टर्बो पास्कलमध्ये प्रोग्राम लिहिला. ८२५५ म्हणजे आपल्याकडच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमावाल्याने पाठ केलेली चिप. तिला चोवीस तारा, गटागटाने आत घ्या किंवा बाहेर सोडा. त्या तारांवरून सरांनी टेबलाच्या दोन स्टेपर मोटर नाचवल्या. एक पाऊल म्हणजे एक मायक्रॉन. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, चार बटणं, आणि बंद पडण्याचं नाव नाही. सर कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर त्या मशीनचं डोकं कसं चालतं हे सांगू शकेल असं पृथ्वीवर कोणी उरलं नाही, आणि मशीन चालू असल्यामुळे मला त्याची काळजीही वाटली नाही. चुकलं ते इथेच. बाकीचं सगळं त्या चुकीचं व्याज.

कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डच्या कोपऱ्यात, कीबोर्डच्या खोबणीशेजारी, निळ्या वेष्टनातली पिंपासारखी बॅटरी असते. निकेल-कॅडमियमची, बोर्डालाच डाग देऊन बसवलेली. तिच्या पोटातून रस गळून खाली हिरवी बुरशी धरली होती. तांब्याच्या केसाएवढ्या रेघा तिने खाल्ल्या होत्या. ही बॅटरी संगणक बंद असताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळते. आमचा संगणक आठवड्यातून एकच दिवस बंद असायचा, म्हणून ती मरत चाललीय हे कळलंच नाही. नदीकाठचा पावसाळा, त्यात तारेवर सोडलेल्या पाण्याचा सतत उडणारा फवारा. बुरशीची चैन होती.

तो रस अल्कली असतो, त्याला आम्ल लागतं. घरून लिंबू आणवलं. टूथब्रशने घासलं, स्पिरिटने धुतलं, वेल्डिंगच्या हॅलोजनखाली वाळवलं. कीबोर्डचा दिवा एकदा लागला, विझला. पुन्हा लागला नाही.

चाकणच्या एका पार्टीची डाय हातात होती. दोन मिलिमीटर पत्र्याचं ब्रॅकेट. पंच कापून झाला होता, डाय अर्धी कापून मशीनवर उभी. अशा पत्र्याला पंच आणि डायमध्ये प्रत्येक बाजूला जाडीच्या पाच टक्क्यांच्या आसपास फट ठेवायची, म्हणजे ०.१ मिलिमीटर. कमी झाली तर पंच फुटतो, जास्त झाली तर पत्र्याला बर येते. गणपती २७ ऑगस्टला. पार्टीला डाय वीस तारखेला हवी होती.

दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा. ताई आली, सोबत भाचा. तो हिंजवडीला नोकरी करतो. राखी बांधून होईपर्यंत मी धीर धरला, ओवाळणी ताटात ठेवली आणि त्याला म्हटलं, "जेवण झालं की जरा शेडवर येशील का?"

ताई म्हणाली, "सणाच्या दिवशी पण?"

"मशीनला कुठे सण आहे," मी म्हणालो.

भाच्याने कॅबिनेटकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलेला पहिला प्रश्न मला आवडला. नवीन कोणता घ्यायचा, हे तो बोललाच नाही. म्हणाला, "मामा, बॅकअप कुठंय?"

बॅकअप नव्हता. सरांनी एक फ्लॉपी दिली होती, ती २००५ च्या सुमारास एका ऑपरेटरने लोहचुंबकाच्या स्टँडखाली ठेवली होती.

त्याने हार्ड डिस्क बाहेर काढली, एका अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली आणि लिनक्समधून तिची हुबेहूब प्रत काढायला लावली. खराब जागा सोडून आधी चांगलं तेवढं उचलायचं आणि मग खराब जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे, अशी ती पद्धत. पुरात अडकलेल्या घरातून आधी माणसं, मग भांडी. डिस्क कण्हत होती. संध्याकाळी सगळं वाचून झालं, फक्त तीन सेक्टर हाती लागले नाहीत. एक सेक्टर ५१२ बाइटचा. म्हणजे दीड हजार अक्षरं हरवली, आपल्या एका पानाएवढी.

मग त्याने जादू केली. लॅपटॉपवरच जुन्या डॉसचं सोंग घेणारा प्रोग्राम उघडला आणि त्यात सरांचा प्रोग्राम चालवला. एका छोट्या खिडकीत तो निळा पडदा आणि पिवळी अक्षरं. माझा ऊर भरून आला. ऑपरेटरने बटण दाबलं, आकडे पळाले, आणि मशीनचं टेबल ढिम्म उभं राहिलं. लॅपटॉपला कार्ड कुठे होतं?

शिवाय पडद्यावरचे आकडेही चुकीचे होते. हरवलेल्या तीनपैकी एक सेक्टर नेमका सेटिंगच्या फाइलमधला निघाला. कोणत्या मोटरला किती पावलांचा एक मिलिमीटर, एक्सला बॅकलॅश किती, वायला किती, पावला-पावलात किती थांबायचं, हे सगळं तिथे होतं. स्क्रू जसजसे झिजत गेले तसतसे सरांनी ते आकडे दर दोन-तीन वर्षांनी बदलले होते. प्रोग्राम कसाही परत मिळाला असता, पण हे आकडे माझ्या मशीनच्या झिजेचे होते. ते दुसऱ्या कुठल्या मशीनवरून आणता येणार नव्हते.

रविवारी चिंचवडला सरांच्या घरी गेलो. बाईंनी चहा केला, माळ्यावरून एक डबा काढून दिला. त्यात चाळीसेक फ्लॉपी, सगळ्यांवर पांढरी बुरशी. आमच्या मशीनचं नाव एकीवरही नाही. मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "मशीनवर कुठे लिहिलंय का बघा हो. त्यांना कुठेही लिहायची सवय. आमच्या फ्रिजच्या पाठीवर कॉम्प्रेसर कधी बदलला ते अजून लिहिलेलं आहे."

कंट्रोल पॅनेलला दोन दारं. पुढचं आम्ही रोज उघडतो. मागचं भिंतीला टेकलेलं. ते फक्त सर उघडायचे आणि तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी चहा सांगायला गेलेलो असायचो. रात्री तिघांनी पॅनेल हातभर पुढे ओढलं. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, करड्या रंगावर, काळ्या मार्करने, वरून खाली तारखांची रांग होती. पहिली ओळ १९९८ ची. शेवटची २०१९ ची: एक्स १२, वाय १८, डिले ४. कार्डाचा पत्ता ३००. आणि मध्येच एका ठिकाणी चौकटीत: 'अर्थिंग पुन्हा ढिली. मालकांना तिसऱ्यांदा सांगितले.'

मालक म्हणजे मी. मोबाइलने फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी आधी अर्थिंग तपासली. ढिली होती.

आता संगणक. सोमवारी दुकानात गेलो. दुकानदार सज्जन माणूस. म्हणाला, विंडोज १० ऑक्टोबरमध्ये बंद होतंय, अकराचंच घ्या. मी सरांचं कार्ड पिशवीतून काढून त्याच्या काउंटरवर ठेवलं. वीतभर लांब, खाली सोनेरी दात. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि आतल्या पोराला हाक मारली, "ए, हे बघ, आयएसए कार्ड." पोरगा प्राणिसंग्रहालयात आल्यासारखा बघायला आला. असा स्लॉट घरगुती मदरबोर्डवर येणं बंद होऊन वीसेक वर्षं झाली होती. यूएसबीची पट्टी लावूनही भागत नाही. हा प्रोग्राम थेट पत्त्यावर, ३०० नंबरच्या दारावर, थाप मारतो आणि हल्लीचं विंडोज कुठल्याही प्रोग्रामला परस्पर कोणाच्या दारावर थाप मारू देत नाही. वॉचमनकडे नोंद करा, म्हणतं.

पूर्वी असलं काही लागलं की आम्ही चिखलीच्या कुदळवाडीत जायचो. भंगाराच्या शेडांची ती नगरीच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली पत्राशेडं पाडली. बुधवारी पुण्यात जुन्या बाजारात चक्कर मारली. पितळी समया, करवती, नळाच्या तोट्या, पेंटियमचे पंखे मिळाले, बोर्ड नाही. तपकीर गल्लीत एकाने सांगितलं, "इंडस्ट्रियल बोर्ड शोधा." कारखान्यांसाठी बनवलेल्या संगणकात आयएसए पुढेही बरीच वर्षं चालू राहिलं, कारण कारखान्यात माझ्यासारखेच लोक असतात. अखेर भोसरीच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे भंगारात काढलेल्या टेस्टिंग मशीनमधला एक निघाला. पेंटियम थ्री, ८५० मेगाहर्ट्झ, बॅकप्लेनवर तीन आयएसए स्लॉट. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. म्हणाला, "तुझ्या मॉलीवर माझे दोन पंच कापून दे." हा आमच्या पट्ट्यातला जुना व्यवहार आहे, त्यावर कोणी जीएसटी लावत नाही.

हार्ड डिस्कऐवजी भाच्याने जुन्या कॅमेऱ्यात असायचं ते कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं. ते मुळातच हार्ड डिस्कच्या भाषेत बोलतं, मधे फक्त दातांचा सांधा लागतो. फिरणारं काही नाही, कण्हणारं काही नाही. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, शेडमध्ये आम्ही दोघंच. कार्ड बसलं, डॉस उठलं, मी सरांच्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं.

रनटाइम एरर २००.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. कार्ड काढून घातलं, रॅम बदलली, बोर्ड बदललं पाहिजे असं मी म्हणू लागलो. भाचा मोबाइलवर वाचत होता. एकदम हसायला लागला.

"मामा, हा फार वेगवान आहे."

"मग?"

"मग त्याला ते झेपत नाहीये."

त्याने समजावलं ते असं. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला असा प्रोग्राम सुरू होताना आधी संगणकाची नाडी बघतो. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, तो रिकाम्या फेऱ्या मारतो, त्या मोजतो आणि ५५ ने भागतो. आलेला आकडा म्हणजे एका मिलिसेकंदाच्या फेऱ्या. पुढे जेव्हा 'चार मिलिसेकंद थांब' असं सांगायचं, तेव्हा तो तेवढ्या फेऱ्या मारत वेळ काढतो. हे लिहिणाऱ्यांनी उत्तरासाठी ठेवलेली जागा ६५,५३५ पर्यंतची. १९९२ च्या आसपास ती ढीगभर वाटली असणार. पुढच्या संगणकांच्या फेऱ्या एवढ्या झाल्या की भागाकार त्या जागेत मावेना, आणि न मावणारा भागाकार म्हणजे प्रोसेसरच्या लेखी शून्याने भागण्याइतकाच गुन्हा. संगणकाचा वेग वाढल्यामुळे प्रोग्राम मेला. बिघाड कशातच नव्हता.

या दुखण्यावर जगभरच्या लोकांनी तेव्हाच औषध काढलेलं होतं. एक छोटा प्रोग्राम मूळ फाइलला ठिगळ लावतो: आकडा मावत नसेल तर मावेल तो सर्वांत मोठा धर आणि पुढे जा. भाच्याने ठिगळ लावलं. निळा पडदा आला. दारावरचे आकडे भरले. टेबल हललं! मी पंप सुरू केला, तार चालू केली, एका भंगार तुकड्यात कट सुरू केला. ठिणगी पडली, आणि पाच सेकंदांत तार तुटली.

तार ओवायला मला दहा मिनिटं लागतात. त्या संध्याकाळी मी ती चार वेळा ओवली. चौथ्यांदा मी मोटरवर बोट ठेवलं. सत्तावीस वर्षं तो हात त्या मोटरवर ठेवलाय. ती नेहमी टक-टक-टक अशी चालते. आज ती किणकिणत होती.

"धावतोय हा," मी म्हणालो. "थांबत नाहीये. दारावर चार लिहिलंय, हा चार थांबत नाही."

भाचा क्षणभर बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला. ठिगळाने प्रोग्राम सुरू तर केला होता, पण मोजमाप खोटं ठेवून. खऱ्या फेऱ्या ६५,५३५ च्या किती तरी वर होत्या. प्रोग्राम त्या तेवढ्याच धरून चालला होता. म्हणून 'चार' म्हटलं की तो एखादाच मिलिसेकंद थांबायचा आणि पुढचं पाऊल टाकायचा. ठिणगीने लोखंड उडवायच्या आत टेबल पुढे. फट संपली, तार शिवली. सरांनी चार लिहिलं होतं ते उगाच नाही. त्या चार मिलिसेकंदांत ठिणगी आपलं काम करते आणि मशीन विचारतं, फट आहे का? मग पाऊल.

रात्रीचे नऊ वाजले होते. भाच्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला, बायोसमध्ये शिरला आणि म्हणाला, "मामा, कॅश बंद करून बघू?"

"ती तीन महिन्यांपासून बंदच आहे," मी म्हणालो. "पार्टी कुठे पेमेंट करतेय?"

त्याची कॅश वेगळी. प्रोसेसरच्या पोटात छोटी, फार जलद स्मृती असते. लागणाऱ्या गोष्टी तो तिच्यात हाताशी ठेवतो. ती बंद केली की त्याला प्रत्येक गोष्टीसाठी दूरच्या रॅमपर्यंत जावं लागतं. हाताशी ठेवलेले पाने-पक्कड काढून घेतले आणि प्रत्येक वेळी स्टोअरला पाठवलं, तर कसलाही फिटर जसा मंदावेल, तसा पेंटियम थ्री मंदावतो. जवळजवळ ४८६ च्या काळात जातो. भाच्याने दोन्ही कॅश बंद केल्या, ठिगळ काढून सरांची मूळ फाइल परत ठेवली आणि चालवली.

एरर आली नाही. निळा पडदा. मी मोटरवर बोट ठेवलं. टक, टक, टक.

तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या कॅबिनेटकडे गेलं. टर्बोचं बटण. ते वेग वाढवायला असतं असंच मी इतकी वर्षं समजत होतो. भाचा म्हणाला, उलट आहे. जुने खेळ आणि प्रोग्राम नव्या वेगाला घाबरायचे, म्हणून संगणक मुद्दाम हळू करायची सोय कंपन्यांनी दिली आणि नाव मात्र टर्बो ठेवलं. म्हणजे हा प्रश्न तेव्हाही होता. त्याचं उत्तर कॅबिनेटच्या तोंडावर बटण होऊन बसलं होतं आणि मी त्याला दर खंडेनवमीला कुंकू लावत होतो.

शुक्रवारी, १५ ऑगस्टला, शेजारच्या सोसायटीत झेंडावंदन चालू असताना आम्ही दहा मिलिमीटरचा चौरस कापला. आधी मुद्दाम बॅकलॅश शून्य ठेवून, मग सरांच्या आकड्यांनी. पहिला चौरस मायक्रोमीटरवर वाय दिशेने बावीस मायक्रॉन चुकला. दुसरा एक्सला तीन, वायला पाच. मॉलीच्या मशीनवर याहून चांगल्याची अपेक्षा ठेवू नये. सरांनी हे आकडे लिहून सहा वर्षं झाली होती, तरी मशीनने त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. मंगळवारी रात्री डाय संपली. बुधवारी चलान करून चाकणला पाठवली. पेमेंटचं विचारू नका.

हा कायमचा इलाज नाही, हे मला कळतं. भाचा मागे लागलाय की दिवाळीनंतर पूर्ण रेट्रोफिट करू: नवे ड्राइव्ह, नवं कार्ड आणि वर लिनक्ससीएनसी. ते फुकट मिळतं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेच्या एका प्रकल्पात आहे. पण त्याची पहिली परीक्षा ऐकून मला गंमत वाटली. संगणक किती जलद आहे हे ते विचारत नाही. तासभर चालवून बघतं की ठरलेल्या ठोक्याला तो ठरल्या वेळी हजर राहतो का, आणि कधी उशीर झालाच तर जास्तीत जास्त किती. महागडा लॅपटॉप यात नापास होऊ शकतो आणि ऑफिसातून काढून टाकलेला जुना डबा पास. म्हणजे गोष्ट फिरून तिथेच येते. मशीनला तबलजी लागतो, धावपटू नाही.

करणार आहे मी ते. मशीनचं अंग बिडाचं आहे. नीट वंगण मिळालं तर ते माझ्या पश्चातही राहील. इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. एकाच मशीनमध्ये अशी दोन आयुष्यं बांधलेली असतात, तर डोकं अधूनमधून बदलायचंच, त्यात अपमान कसला? माझ्या शेडपासून जवळच, आकुर्डीत, ज्या कारखान्यातून पेट्रोलची चेतक निघायची तिथूनच २०२२ पासून विजेची चेतक निघते. नाव तेच, आतला जीव दुसरा. फक्त बदलायच्या आधी जुन्या जीवाला काय काय ठाऊक होतं ते विचारून घेतलं पाहिजे. मी विचारलं नव्हतं. सरांनी न विचारता लिहून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

डाय गेली त्या संध्याकाळी पॅनेल परत भिंतीला लावायचं होतं. भाच्याने डिस्कची प्रत तीन ठिकाणी ठेवली होती: त्याच्याकडे, माझ्या घरच्या कपाटात आणि एक पेन ड्राइव्हवर, पॅनेलच्या आत सुतळीने बांधून. ऑपरेटर ढकलायला वाकला.

"थांब," मी म्हणालो, आणि मार्कर मागितला.

सरांच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती. माझं अक्षर त्यांच्याइतकं चांगलं नाही. लिहिलं: '२०-८-२५. बोर्ड बदलला. एक्स १२, वाय १८, डिले ४, तेच. कॅश बंद ठेवणे. चालू केल्यास तार तुटते. अर्थिंग घट्ट केली.'

मग पॅनेल भिंतीला लावलं नाही. हातभर पुढेच ठेवलं, मागचं दार उघडता येईल इतकं.